चाकाची आतली बाजू

आचोळे रोडला लागून असलेल्या आमच्या सोसायटीत गाड्या धुणारा मुलगा पहाटे साडेपाचला येतो. मी फजरची नमाज पढून परततो तेव्हा तो तिसऱ्या किंवा चौथ्या गाडीवर असतो. एक बादली, दोन फडकी, एक मोडका ब्रश. त्याच्याकडे आमच्या सोसायटीतल्या १४ गाड्या आहेत. आठच्या आत सगळ्या उरकायच्या, कारण त्यानंतर मालक कामावर निघतात. महिन्याला एका गाडीचे ५०० रुपये. साधा हिशोब केला तर एका गाडीच्या वाट्याला दहा-अकरा मिनिटं येतात.

गेल्या पावसाळ्यात एका सकाळी त्याने मला थांबवलं. "भाई, पीछेवाले चक्के में अंदर से कुछ गीला है. पानी नहीं लगता, चिकना है." मी घाईत होतो. म्हटलं, पावसाचं पाणी असेल, नाहीतर चिखल. तो काही बोलला नाही, फडकं पिळायला लागला. विषय तिथेच संपला.

तीन आठवड्यांनी अम्मीला घेऊन वसई फाट्याकडे निघालो होतो. गोखिवरे ओलांडल्यावर समोरची रिक्षा अचानक थांबली. मी ब्रेकवर पाय दिला तर पेडल नेहमीपेक्षा कितीतरी खाली गेलं. गाडी थांबली, पण रिक्षापासून वीतभर अंतरावर. अम्मी काहीच बोलली नाही. तिने तस्बीह मुठीत घट्ट धरली होती. गाडी कशीबशी बाजूला घेऊन गॅरेजवाल्याला बोलावलं. त्याने मागचं चाक उतरवलं तर ड्रमच्या आतला व्हील सिलिंडर गळत होता. ब्रेक ऑइल ड्रमच्या कडेने उतरून रिमच्या आतल्या बाजूवर आणि तिथून टायरवर आलं होतं. बोट लावून तो म्हणाला, "ये आज का नहीं है. महीने भर से टपक रहा होगा."

म्हणजे मुलाने पाहिलं ते बरोबर होतं. गाडीची कागदपत्रं माझ्या नावावर, विमा माझ्या नावावर, किल्ली माझ्या खिशात. पण तिच्या चाकाची आतली बाजू त्या महिन्यात फक्त एका माणसाने पाहिली होती आणि मी त्याचं ऐकलं नव्हतं.

तेव्हापासून मी या विषयावर थोडं वाचलं, थोडं विचारलं, आणि बरंचसं स्वतः गुडघे टेकून केलं. त्यातून माझं एक मत बनलं आहे. गाडी धुण्याच्या कामात खरं मोलाचं काम चाकाच्या आतल्या बाजूचं आहे, आणि नेमकं त्याच कामासाठी आपण ना वेळ देतो, ना पैसे. आपण चकाकीचे पैसे देतो. ही पद्धत बदलायला हवी, आणि बदलायला फारसा खर्चही येत नाही.

काळी पूड येते कुठून

आधी घाण समजून घेऊ. पुढच्या चाकांच्या रिमवर जी काळी पूड बसते ती रस्त्याची धूळ नसते, निदान सगळी तरी नसते. बहुतेक गाड्यांच्या पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक असतात. ब्रेक दाबला की दोन पॅड लोखंडी डिस्कला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात. त्या घर्षणात डिस्कही झिजते आणि पॅडही. डिस्कचे लोखंडाचे बारीक कण, पॅडमधली राळ आणि धातूंचा चुरा, हे सगळं गरम असतानाच उडतं आणि रिमवर बसतं. पावसाचं पाणी लागलं की लोखंडाचा कण गंजतो आणि रिमच्या लॅकरमध्ये रुतून बसतो. म्हणून साध्या फडक्याने ते डाग जात नाहीत. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या गाड्यांना मागे ड्रम ब्रेक असतात. त्यांची पूड ड्रमच्या आतच राहते. पुढची चाकं मागच्यांपेक्षा काळी दिसतात त्याचं कारण हेच.

दुसरी घाण चिखलाची. पावसाळ्यात नालासोपारा, तुळिंज, आचोळे या भागात रस्त्यावर पाणी साचणं नवं नाही. २०१८ च्या जुलैत तर वसई-विरारमध्ये लोकल गाड्यासुद्धा बंद पडल्या होत्या. अशा पाण्यातून गाडी गेली की गाळ रिमच्या आतल्या पन्हळीत साचतो. पाणी ओसरतं, गाळ तिथेच सुकतो. मुंबई-अहमदाबाद महामार्गावर काँक्रीटीकरणाचं काम चालू असताना त्या बाजूने रोज जाणाऱ्यांना तिसरी घाणही माहीत झाली. सिमेंटचा राडा. तो एकदा वाळला की खरवडल्याशिवाय निघत नाही.

या वाळलेल्या ढेकळाचं गणित बघण्यासारखं आहे. टायरवाला बॅलन्सिंग करतो तेव्हा पाच-पाच ग्रॅमच्या हिशोबाने वजनं चिकटवतो. आता रिमच्या आत एका जागी ५० ग्रॅमचं ढेकूळ बसलं आहे असं धरा. गाडी ताशी ८० किलोमीटरने धावत असेल तर छोट्या गाडीच्या चाकात ते ढेकूळ साधारण ५ किलोच्या जोराने चाकाला बाहेर ओढतं. आणि ही ओढ प्रत्येक फेऱ्याला दिशा बदलते, सेकंदाला दहा-बारा वेळा. वेग १०० वर गेला की तोच जोर ८ किलोच्या जवळ पोचतो. स्टिअरिंग थरथरायला लागतं. मग आपण अलाइनमेंट करून घेतो, बॅलन्सिंग करून घेतो, कोणी सांगितलं तर सस्पेन्शनचे भागही बदलतो. माझ्या मामेभावाने असे दोनदा पैसे घालवले. तो विरार-वसई भागात टुरिस्ट गाडी चालवतो. शेवटी एका म्हाताऱ्या टायरवाल्याने चाक उतरवून स्क्रूड्रायव्हरने ओंजळभर माती काढली आणि थरथर थांबली.

आत पाहिल्यावर काय दिसतं

सफाईपेक्षाही मोठा फायदा दुसराच आहे. चाकाच्या आत हात घातला की गाडीची तब्येत कळते. चार गोष्टी बघायच्या.

पहिली, ओल. रिमच्या किंवा टायरच्या आतल्या बाजूवर तेलकट ओघळ दिसला तर तो ब्रेक ऑइलचा असू शकतो. तशी गाडी चालवायची नाही. मी चालवली, ती चूक होती.

दुसरी, ग्रीसचा पट्टा. इंजिनाची ताकद पुढच्या चाकांपर्यंत नेणाऱ्या अॅक्सलच्या सांध्यावर रबरी बूट असतो. तो फाटला की आतलं काळं ग्रीस फिरत्या सांध्यातून उडतं आणि रिमच्या आतल्या बाजूवर त्याचा गोल पट्टा उमटतो. वेळेत दिसलं तर बूट आणि ग्रीस बदलून भागतं. नाही दिसलं तर सांध्यात माती शिरते आणि अख्खा अॅक्सल बदलावा लागतो.

तिसरी, टायरची आतली कड. अलाइनमेंट बिघडलेली असेल तर टायर बऱ्याचदा आतल्या कडेला जास्त झिजतो. बाहेरून नक्षी शाबूत दिसते आणि आतून तारा दिसायला लागलेल्या असतात. टायरच्या नक्षीची खोली किमान १.६ मिलिमीटर हवी असा आपल्याकडे नियम आहे. पण उभ्याने बघणाऱ्याला फक्त बाहेरची कड दिसते.

चौथी, टायरच्या आतल्या भिंतीवरचा काप किंवा फुगवटा. खड्ड्यात आपटलेला टायर आतून फुगलेला असू शकतो.

या चारही गोष्टी वाकून, हात घालून बघितल्याशिवाय दिसत नाहीत. सर्व्हिसिंगला गाडी वर्षातून एक-दोनदाच जाते. मग मधल्या काळात चाकाच्या जवळ कोण बसतो? गाडी धुणारा.

हात कसा पोचवायचा

"पण तिथे हात पोचतच नाही," असं सगळेच म्हणतात. पोचतो. त्याला महागडं काही लागत नाही. रंगकामाचा दीड इंची ब्रश घ्यायचा आणि त्याच्या पत्र्याच्या पट्टीवर इन्सुलेशन टेप गुंडाळायची, म्हणजे रिमला ओरखडे पडत नाहीत. बाटली धुवायचा लांब दांड्याचा ब्रश आऱ्यांच्या मधून आत जातो. नटांच्या खोलगट खाचांसाठी जुना टूथब्रश. जिथे ब्रशही जात नाही तिथे आइस्क्रीमच्या चपट्या काडीला फडकं गुंडाळायचं. आऱ्यांची मागची बाजू पुसायला हातमोज्यावर चढवलेला जुना पायमोजा सगळ्यात उत्तम, कारण बोटांना खडबडीतपणा कळतो. झाडांवर पाणी मारायची फवाऱ्याची बाटली, थोडा कार शॅम्पू आणि दोन छोट्या बादल्या, एक साबणाची, एक ब्रश विसळायची. चाकाचं फडकं गाडीच्या अंगाला कधीही लावायचं नाही. त्यात लोखंडाचे कण असतात, ते रंगावर ओरखडे पाडतात.

चाक थंड असायला हवं. गाडी नुकती आली असेल तर डिस्क तापलेली असते. तिच्यावर गार पाणी ओतलं तर ती वाकू शकते. सपाट जागा बघायची, गाडी गिअरमध्ये ठेवायची, चाकाला लाकडी ठोकळा लावायचा. जॅक लावायची गरज नाही, गाडीखाली शिरायचं तर अजिबात नाही. वरून खाली फवारा मारून चार-पाच मिनिटं थांबायचं, पण साबण वाळू द्यायचा नाही. मग आधी आतली बाजू, नंतर आऱ्यांची मागची बाजू, शेवटी बाहेरचा चेहरा. उलट केलं तर आतलं काळं पाणी धुतलेल्या भागावर उतरतं आणि काम दुप्पट होतं. पुढच्या चाकांसाठी स्टिअरिंग पूर्ण वळवलं की चाक बाहेर येतं आणि मागच्या अंगाने हात सहज जातो. ब्रेकचा कॅलिपर चाकाचा एक भाग झाकून ठेवतो, म्हणून अर्धं काम झालं की गाडी चाकाच्या अर्ध्या फेऱ्याएवढी पुढे घ्यायची. आत चिकटवलेल्या बॅलन्सिंगच्या वजनांना चिखल समजून खरवडायचं नाही.

लोखंडी रिमवर प्लास्टिकची व्हील कॅप असेल तर तिच्यामागे सगळ्यात जास्त माती असते. बऱ्याच कॅप खाचांवर बसतात, दोन्ही हातांनी समान ओढून निघतात. काही नटांनी धरलेल्या असतात, त्यांना ओढायचं नाही.

काम झाल्यावर गाडी थोडी पुढेमागे करून दोन-तीनदा हलका ब्रेक दाबायचा, म्हणजे आतलं पाणी सुकतं. धुतल्या धुतल्या हँडब्रेक ओढून रात्रभर गाडी उभी केली तर ओला ड्रम गंजून लाइनर चिकटतात आणि सकाळी चाक सुटत नाही. टायरला काळं चकचकीत करायचं द्रावण लावायचंच असेल तर फक्त बाजूच्या भिंतीला. रस्त्याला टेकणाऱ्या भागावर किंवा डिस्कवर त्याचा थेंबही नको, गाडी घसरते.

हे सगळं करताना मला लहानपणचा मकतब आठवतो. उस्ताद वजू शिकवायचे तेव्हा तोंड धुतलं की नाही हे ते बघतच नसत. ते तर सगळेच धुतात. ते बघायचे ती बोटांची बेचकी, टाच आणि अंगठीखालची जागा. बेचक्यांतून ओली बोटं फिरवायची, त्याला खिलाल म्हणतात. टाच कोरडी राहिली तर वजू पुन्हा. आणि सोबत दुसरी ताकीद: वाहत्या नदीच्या काठी बसलात तरी पाणी उधळायचं नाही. पाणी कमी, पण पोचायला हवं सगळीकडे. दोन्ही एकदम साधायचं तर पाण्याचं काम हाताला करावं लागतं. चाकाचंही तसंच आहे. पाइप सोडून लांबून फवारा मारला की शंभर-दीडशे लिटर पाणी कुठे गेलं ते कळत नाही आणि ढेकूळ जागच्या जागी असतं. हाताने केलं तर एका चाकाला अर्धी बादलीसुद्धा लागत नाही.

अॅसिडचा शॉर्टकट

वेळ नसला की माणूस शॉर्टकट शोधतो. दहा मिनिटांत गाडी चकचकीत हवी असेल तर गाडी धुणारा काय करेल? संडास साफ करायचं अॅसिड. मी हे आमच्याच भागात पाहिलं आहे. बाटलीच्या झाकणाला भोक पाडून रिमवर मारतात, काळेपणा क्षणात उतरतो, मालक खूश. अलॉय रिम अॅल्युमिनियमची असते. अॅसिड आधी तिचं लॅकर खातं, मग धातू. काही महिन्यांत पांढरे चट्टे पडतात. नट आणि ब्रेकचे लोखंडी भाग गंजतात ते वेगळंच. बाजारात चाकांसाठी म्हणून मिळणाऱ्या काही द्रावणांत फ्लोराइडचे क्षार असतात. ते त्याहून वाईट. त्वचेला लागलं की लगेच फारसं दुखत नाही, काही तासांनी आतून भाजल्यासारखं होतं.

लोखंडाचे रुतलेले कण काढायला खास द्रावण मिळतं. ते लोखंडाला लागलं की जांभळं होतं आणि उग्र वास सुटतो. तीन-चार महिन्यांतून एकदा ते वापरायला हरकत नाही, पण रबरी हातमोजे घालून, उघड्या हवेत आणि भरपूर पाण्याने धुऊन. एरवी साबण आणि ब्रश पुरतो.

अजून एक सवय सोडायला हवी. गॅरेजमध्ये ड्रम उघडला की हवेच्या पाइपाने पूड उडवतात. पूर्वीच्या ब्रेक लाइनरमध्ये अॅस्बेस्टॉस सर्रास असायचं. आपल्या देशात त्याच्या खाणकामावर बंदी आहे, आयातीवर मात्र नाही. स्वस्तातल्या लाइनरमध्ये नेमकं काय आहे हे ग्राहकाला कळत नाही. अॅस्बेस्टॉसचे तंतू फुफ्फुसात गेले तर त्याचा आजार वीस-तीस वर्षांनीही उठतो. म्हणून ब्रेकची पूड ओल्या फडक्याने पुसायची, फुंकायची किंवा उडवायची नाही.

जगात आता या पुडीचा विचार सुरू झाला आहे. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने २०१० मध्ये ब्रेक पॅडमधलं तांबं टप्प्याटप्प्याने कमी करायचा कायदा केला, कारण पावसाच्या पाण्याबरोबर ते तांबं ओढ्यांत जाऊन माशांना घातक ठरत होतं. युरोपीय संघाने २०२४ मध्ये मंजूर केलेल्या युरो ७ नियमांत धुराबरोबरच ब्रेकमधून उडणाऱ्या कणांवरही पहिल्यांदाच मर्यादा घातली. आजवर आपण गाडीचं प्रदूषण म्हणजे सायलेन्सर एवढंच समजत होतो.

ते काळं पाणी जातं कुठे

आमच्या पार्किंगमधलं पाणी गटारात जातं, गटारातून नाल्यात, नाल्यातून खाडीत. मधे ते शुद्ध करणारं काही असावं अशी अपेक्षा आपण शहराकडून करतो. आचोळ्याच्या माणसाला या अपेक्षेची किंमत चांगलीच ठाऊक आहे. नालासोपारा पूर्वेला अग्रवाल नगरी भागात सांडपाणी प्रक्रिया केंद्र आणि कचराभूमी यांसाठी राखीव जमीन होती. तिच्यावर ४१ अनधिकृत इमारती उभ्या राहिल्या. लोकांनी घामाचे पैसे घालून घरं घेतली, वर्षानुवर्षं संसार केला. मग मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने २०२४ च्या अखेरीपासून त्या पाडायला सुरुवात झाली आणि २०२५ च्या सुरुवातीला उरलेल्याही पाडल्या गेल्या. ज्यांनी त्या बांधल्या ते गब्बर झाले आणि राहणारे रस्त्यावर आले. सांडपाणी मात्र होतं तिथेच वाहत राहिलं.

शहरातली जी जागा दिसत नाही तिच्याकडे दुर्लक्ष झालं की असं होतं. ती जागा राखीव असल्याचं कागदावर होतं, बघायला कोणी गेलं नाही. गेलं असेल तर त्याचं ऐकलं नाही.

पाण्याचंही तसंच. वसई-विरारला सूर्या, उसगाव आणि पेल्हार इथून पाणी येतं. तरीही आमच्याकडे उन्हाळ्यात टँकर बोलवावा लागतो. त्याच सोसायटीत रोज सकाळी १४ गाड्यांवर पाणी मारलं जातं. उन्हाळ्यात तळमजल्यावरच्या खाला हंडे भरून ठेवतात आणि खिडकीतून गाड्यांची आंघोळ बघतात. त्यांनी एकदा मला विचारलं, "बेटा, गाडीला रोज कशाला? तिला काय पाच वेळा नमाज पढायची आहे?" मला उत्तर देता आलं नाही.

मग करायचं काय

मी सोसायटीच्या बैठकीत मांडलेला हिशोब इथे देतो, कुणाच्या उपयोगी पडला तर बरं.

गाडी रोज पुसायची नाही, दिवसाआड पुसायची. म्हणजे मुलाला रोज १४ ऐवजी ७ गाड्या. अडीच तासांत एका गाडीला वीस-एकवीस मिनिटं मिळतात. पाणी निम्म्यावर येतं. अंग पुसायला दहा मिनिटं, उरलेल्या दहा मिनिटांत फक्त एका चाकाची आतली बाजू. आज पुढचं डावं, पुढच्या फेरीला पुढचं उजवं. महिन्यात पंधरा फेऱ्या होतात, म्हणजे प्रत्येक चाकाची पाळी तीनदा तरी येते, बऱ्याचदा चौथ्यांदाही. मालकाने ब्रश, हातमोजे आणि साबण आणून द्यायचा, अॅसिड पार्किंगमध्ये आणायचंच नाही. आणि पगार ५०० वरून ७००, कारण हे काम आधीच्या कामापेक्षा कसबाचं आहे.

त्यावर आक्षेप आले. एक जण म्हणाले, "चाक परत मळणारच, मग आतून कशाला घासायचं?" मी म्हटलं, भांडीही परत खरकटी होतातच. दुसऱ्यांचं म्हणणं, आचोळ्याची धूळ बघता गाडी रोज पुसायलाच हवी. खरं तर कोरड्या धुळीवर रोज फडकं फिरवल्यानेच रंगावर बारीक वर्तुळाकार ओरखडे पडतात. तिसरे म्हणाले, "आम्ही सर्व्हिस सेंटरला पैसे भरतो, ते बघतील." बघतात, पण सहा महिन्यांनी. माझा सिलिंडर महिनाभर गळत होता.

सगळ्यात जास्त वाद २०० रुपयांवर झाला. सोळा-अठरा हजारांची अलॉय चाकं हौसेने बसवणारा माणूसही ती धुणाऱ्याला महिन्याला २०० रुपये वाढवून द्यायला कचरतो. यात पैशांपेक्षा आणखी काही आहे असं मला वाटतं. गॅरेजवाला चाक उघडतो तो मिस्त्री, त्याचं आपण ऐकतो. तेच चाक रोज पुसणारा मात्र आपल्या लेखी फडकं धरणारा हात. घाणीला हात लावणाऱ्याला अक्कल नसते हे आपल्या समाजात फार जुनं गृहीतक आहे आणि ते मुसलमानांच्या सोसायटीतही तेवढंच मुरलेलं आहे. मशिदीत आम्ही खांद्याला खांदा लावून उभे राहतो. पार्किंगमध्ये येईपर्यंत ते विसरलेलं असतं. मीही विसरलो होतो. त्या सकाळी गॅरेजवाल्याने फोनवर हेच वाक्य सांगितलं असतं तर मी गाडी जागेवरून हलवली नसती.

माझे आजोबा, त्यांना आम्ही दादा म्हणायचो, टांगा चालवायचे. रात्री घोडा सोडल्यावर ते चाकापाशी बसायचे. आऱ्यांमधून हात घालून तुंब्याभोवतीची माती काढायची, आसाला वंगण लावायचं, मग जेवायला यायचं. टांग्याचं छत मळलं तरी त्यांना चालायचं. चाक धुणारा आणि चाक हाकणारा एकच माणूस होता, त्यामुळे कोणी कोणाला सांगायचा आणि कोणी ऐकायचा प्रश्नच नव्हता. आता ही दोन माणसं वेगळी झाली आहेत. त्यांच्यात बोलणं असायला हवं, एवढीच माझी मागणी आहे.

सोसायटीने सरसकट निर्णय घेतला नाही. १४ पैकी ५ जण तयार झाले. बाकीच्यांचं जुन्याच पद्धतीने चाललं आहे. पाचांच्या गाड्यांसाठी मुलाने एक वही केली आहे. त्यात तारीख, कोणतं चाक झालं आणि काही दिसलं तर ते. शाळा आठवीला सुटली, अक्षर मोठं आणि तिरकं आहे. गेल्या आठवड्यात एका शेजाऱ्याच्या पानावर त्याने लिहिलं, "आगे लेफ्ट, अंदर का टायर घिसा." शेजाऱ्याने वाकून बघितलं नाही, पण टायरवाल्याकडे गेला. टायरवाल्याने चाक फिरवून आतली कड दाखवली, तारा दिसत होत्या. ते कुटुंब दोन दिवसांनी महाडला लग्नाला जाणार होतं.

महिन्यातला एक रविवार मीही त्याच्यासोबत बसतो. तो पुढच्या चाकाला, मी मागच्या. आऱ्यांच्या मागे ब्रश कसा तिरका धरायचा हे मला त्यानेच शिकवलं.

तुमच्या गाडीचं चाक कोण पुसतं ते उद्या सकाळी जरा लवकर उठून बघा. त्याला विचारा, आत काही दिसतंय का. तो काय सांगतो ते पूर्ण ऐकून घ्या आणि मगच किल्ली फिरवा.